ड्यू टू म्हणजे मुळे

बसस्थानकावर तिला सगळे माईकबाई म्हणत. फलाटांच्या वर, लोखंडी जिना चढून गेलं की काचेची एक खोली होती. खोलीत एक टेबल, भिंतीवर एक पंखा, फोमची टोपी घातलेला माईक आणि एक फिरती खुर्ची. खुर्ची फक्त डावीकडे फिरायची, त्यामुळे उजवीकडचा फलाट बघायचा तर पूर्ण गिरकी घ्यावी लागे. माईकबाईला त्याची इतकी सवय झाली होती की घरच्या साध्या लाकडी खुर्चीवर बसूनही ती कधीकधी डावीकडून वळून उजवीकडे बघे.

गाडी उशिरा येणार असली की आधी आपल्या भाषेत सांगायचं, मग इंग्रजीत. आपल्या भाषेतलं तिला शिकवायची गरज नव्हती. इंग्रजीतलं तिनं आधीच्या बाईंकडून पाठ करून घेतलं होतं, जसं कानावर पडलं तसं. त्यातला शेवटचा शब्द तिचा फार आवडता. लांबलचक, ऐटदार, एका दमात म्हणायचा: ड्यूटूटेक्निकलरीझन्स. मध्ये कुठे फट नाही, श्वास नाही. आपल्या भाषेतली घोषणा ‘क्षमस्व’वर संपायची आणि इंग्रजीतली या शब्दावर, तेव्हा याचा अर्थ ‘माफ करा’ असणार, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. कुणाला विचारायचं कारणच नव्हतं. आपण रोज माफी मागतो आणि तीही दोन भाषांत, याचं तिला बरंच वाटायचं.

एका संध्याकाळी बाजारातून येताना तिच्या पिशवीचा धक्का एका परदेशी पाहुण्याला लागला. त्याच्या हातातला कॉफीचा कप हिंदकळला आणि अर्धी कॉफी त्याच्या बुटांवर सांडली. बाई कळवळली. छातीवर हात ठेवून, मान झुकवून, जमेल तितक्या मऊ आवाजात ती म्हणाली, “ड्यूटूटेक्निकलरीझन्स!”

पाहुण्यानं बुटांकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि मोठ्यानं हसला. “ऑफ कोर्स, ऑफ कोर्स,” असं म्हणत तो उरलेली कॉफी पीत पुढे गेला.

घरी येऊन तिनं हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. स्वयंपाकघरात तिची नणंद बसली होती. नवऱ्याची ही थोरली बहीण जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, आणि गेली काही वर्षं यांच्याकडेच राहायला आलेली. बाई तिला वन्सं म्हणायची. वन्सं चहा पीत होत्या. गोष्ट ‘टेक्निकल’पर्यंत आली आणि त्यांना असा ठसका लागला की बाईला उठून पाठ चोळावी लागली.

“अगं, तू त्याला काय म्हणालीस ठाऊक आहे?” डोळे पुसत वन्सं म्हणाल्या. “कॉफी सांडून तू त्याला सांगितलंस, तांत्रिक कारणांमुळे!”

“मग त्यात ‘माफ करा’ कुठे गेलं?”

“ते तू कधी म्हणालीच नाहीस.”

“इतकी वर्षं?”

“इतकी वर्षं.”

बाई मटकन खुर्चीत बसली. स्थानकावरचे सगळे ताटकळलेले परदेशी प्रवासी तिच्या डोळ्यांपुढून रांगेनं गेले. एकाचीही आपण कधी माफी मागितली नाही. तिचा चेहरा पाहून वन्संनी हसू आवरलं आणि कप बाजूला सारला. त्यांच्यातली शिक्षिका निवृत्त व्हायला तयारच नव्हती.

“हा एक शब्द नाही. ड्यू टू वेगळं, टेक्निकल रीझन्स वेगळं. ड्यू टू म्हणजे आपलं ‘मुळे’. फरक एवढाच, आपलं ‘मुळे’ शेपटीसारखं मागे लागतं, पावसामुळे, गर्दीमुळे. त्यांचं इंजिनासारखं पुढे असतं. ड्यू टू रेन. ड्यू टू ट्रॅफिक. मागे हवा तो डबा जोड.”

“हवा तो?”

“हवा तो. पण डबा नामाचा हवा, वस्तू, माणूस, घटना. अख्खं वाक्य जोडू नकोस. ड्यू टू इट इज रेनिंग म्हणालीस तर मी घर सोडून जाईन.”

ज्याला आपण इतकी वर्षं एकच दगड समजत होतो त्याला बिजागऱ्या निघाल्या, झाकण उघडलं आणि आत जागा दिसली, असं बाईला झालं. त्या संध्याकाळी घरात दुसरं काही सुचेना. कांदा चिरताना तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “ड्यू टू कांदा.” नळाची धार बारीक झाली, “ड्यू टू शेजारी.” तिचा नवरा बेकरीत भट्टीवर कामाला होता. तो अंगभर पावाचा वास घेऊन आला, दोघींच्या गप्पा संपायची वाट बघत दारात उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, “ड्यू टू ताई मला अजून चहा मिळालेला नाही.”

“बघ, याला एका फटक्यात आलं,” वन्सं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं पडलं होतं. काचेच्या खोलीतून फलाटांचे खांबसुद्धा दिसत नव्हते, नुसते दिवे तरंगत होते. खालच्या खोलीतून नियंत्रकानं फोन केला. गाड्या कुठे आहेत हे त्याला कळे आणि तो ते वर कळवी. “डोंगराकडची गाडी उशिरा,” तो म्हणाला. “तांत्रिक सांगून टाका.” तो नेहमी हेच सांगे. टायर बसला तरी तांत्रिक, पूल बंद असला तरी तांत्रिक.

बाईनं माईकचं बटण दाबलं. आपल्या भाषेत धुक्यामुळे म्हणाली. मग एक श्वास घेतला आणि म्हणाली, “बस इज लेट ड्यू टू फॉग.” आणि पाठोपाठ, कधीची राहून गेलेली बाकी चुकवावी तसं, “सॉरी. व्हेरी सॉरी.”

खाली बाकांवरच्या लोकांनी धुक्याकडे पाहिलं आणि माना डोलावल्या. एरवी अशा वेळी दोघंतिघं तावातावानं जिना चढून येत, “कसलं तांत्रिक? स्पष्ट सांगा!” म्हणून काच वाजवत. आज कुणी आलं नाही. एका माणसानं तर मफलर नीट गुंडाळून घेतला आणि शेजारणीशी धुक्यावर बोलायला लागला.

संध्याकाळी तिनं हे सांगितलं तेव्हा वन्सं म्हणाल्या, “माझ्या वर्गात तुझा अर्धा मार्क गेला असता. उशीर धुक्यामुळे आहे, असं असेल तर द डीले इज ड्यू टू फॉग. पण बस लेट आहे असं म्हणायचं तर बिकॉज ऑफ फॉग.”

“फरक काय पडतो?”

वन्संनी खूप विचार केला. “तांबड्या पेनाचा. मी वर्षानुवर्षं वह्यांत रेघा मारल्या त्यापायी. आता सगळेच म्हणतात तुझ्यासारखं, शब्दकोशांनीही हात टेकलेत. तू म्हण. ऐकणाऱ्याला गाडी का आली नाही ते कळलं म्हणजे झालं.”

मग बाईनं मागे वळून पाहिलं नाही. ड्यू टू अ फ्लॅट टायर. ड्यू टू अ फॉलन ट्री. शब्द अडला की ती खोलीतून घरी फोन लावी आणि वन्सं हातातलं काम टाकून उत्तर देत. एकदा नदीपलीकडून येणारी गाडी वाटेतच थांबली. नियंत्रकानं सांगितलं, एका म्हाताऱ्या प्रवाशाच्या कानातलं यंत्र पडलंय आणि ते सापडेपर्यंत कुणी पाय हलवायचा नाही, असं ड्रायव्हरनं फर्मान काढलंय. बाईनं घरी फोन केला, “वन्सं, कानातल्या यंत्राला काय म्हणतात?” आणि स्थानकभर घुमलं, “ड्यू टू अ लॉस्ट हिअरिंग एड.”

ती गाडी आत शिरली तेव्हा फलाटावरची माणसं दाराशीच गोळा झाली. “सापडलं का?” “मिळालं का हो?” सगळ्यांत शेवटी एक आजोबा उतरले. यंत्र त्यांच्याच कोटाच्या घडीत निघालं होतं. इतके लोक आपली चौकशी करताहेत हे बघून ते गोंधळले आणि चक्क डोक्यावरची टोपी काढून सगळ्यांना अभिवादन करते झाले. पुढच्या प्रवासाला निघालेल्या एका बाईनं त्यांची पिशवी रस्त्यापर्यंत पोचवली. वर काचेआड माईकबाई खुर्चीत बसून एकटीच हसत होती.

अर्थात हे साहेबांच्या कानावर गेलं. स्थानकाचे साहेब वाईट नव्हते. त्यांनी तिला बोलावून बसायला सांगितलं.

“बाई, वाक्यं ठरवून दिलेली आहेत.”

“हो साहेब. पण लोक भांडायला येत नाहीत हल्ली.”

“तेही माझ्या लक्षात आलंय, म्हणून तर ओरडत नाही.” त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. “एकच सांगतो. ‘तांत्रिक’ हा शब्द नुसता आळसानं आलेला नाही. कधीकधी तो आडोसा असतो. जरा बघून वापरा.”

ती हो म्हणून आली. आडोसा म्हणजे काय ते तिला तेव्हा नीटसं उमगलं नाही. खरं सांगायला आडोसा कशाला, असंच तिला वाटलं.

भोंगा नावाचा एक ड्रायव्हर होता. नाव अर्थातच लोकांनी ठेवलेलं. प्रत्येक वळणावर, स्थानकात शिरताना, निघताना तो हॉर्न वाजवायचा म्हणून. उंचापुरा, मिश्यांना पीळ, गणवेशाला कडक इस्त्री. त्याच्या गाडीची काच इतकी लख्ख असे की लोक तिच्यात बघून केस सारखे करत. एका दुपारी त्याची गाडी सुटायची वेळ होऊन गेली, प्रवासी जागेवर बसलेले आणि भोंग्याचा पत्ता नाही. बाईनं फोन केला तेव्हा नियंत्रकाला हसू आवरत नव्हतं.

“अहो, भोंगा संडासातून बाहेर येईना! पोट बिघडलंय म्हणे.”

बाईच्या जिभेला आता सवयच लागली होती. तिनं बटण दाबलं. चालकाचं पोट बिघडल्यामुळे, आणि मग इंग्रजीत, ड्यू टू द ड्रायव्हर्स स्टमक. फलाटावर आधी एक जण फिसकन हसला, मग दुसरा, मग सगळं स्थानक. भोंगा कोपऱ्यावरून येताना दिसला तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तो थबकला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि मिश्याही उतरल्यासारख्या वाटत होत्या. त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. सरळ जाऊन गाडीत बसला आणि गाडी काढली.

हॉर्न न वाजवता.

बाई काचेला नाक लावून उभी राहिली. गाडी फाटकाबाहेर पडली, वळली, दिसेनाशी झाली. आवाज नाही.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला, मग तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, “अगं, होतं असं.” मग बेकरीतल्या पहाटेच्या पाळीची झोप काढायला आतल्या खोलीत जाऊन आडवा झाला. बाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली. सोललेले दाणे एका वाडग्यात आणि सालं दुसऱ्यात पडायला हवीत, पण ती दोन्ही एकातच टाकत होती.

“खोटं नव्हतं ना काही?” ती म्हणाली.

“नव्हतं.” वन्संनी वाडगा स्वतःपुढे ओढला आणि सालं वेचायला लागल्या. मग हळूच विचारलं, “मी इथं राहायला का आले, आठवतं का तुला?”

“तुमच्या घराचं छत गळत होतं म्हणून.”

“एक थेंबही गळत नव्हता.”

बाईचे हात थांबले.

“शाळा सुटली,” वन्सं म्हणाल्या, “म्हणजे माझी. निवृत्त झाले. पहिले काही दिवस छान गेले. मग लक्षात आलं, मला एकटीला जेवायला बसवत नाही. सकाळी ठीक असायचं. दिवेलागणीला ताट वाढलं की घास उतरेना. आता हे कुणाला सांगायचं? जन्मभर फळ्यापुढे उभी राहून मी पोरांना दरडावलं, आणि आता धाकट्या भावाला सांगू, बाबा रे, मला एकटीला जेवण जात नाही? मग म्हटलं, छत गळतंय. छताला कोण नावं ठेवणार?”

“पण वन्सं,” बाई म्हणाली, “हे शिडी लावून चढले होते तुमच्या छतावर. दोन रविवार डांबर ओतत होते.”

“हो ना!” वन्संच्या ओठांचे कोपरे थरथरले. “आणि खाली उतरून काय म्हणाला? ताई, गळती सापडली. चांगली बोटभर भेग होती, मी बुजवली!”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग जे हसू फुटलं ते आवरता आवरेना. आतून नवरा झोपेतच ओरडला, “काय झालं?” बाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. “काही नाही हो, झोपा!” ती कशीबशी म्हणाली. हसता हसता तिचे डोळे भरून आले होते, आणि ते कशामुळे, हे तिला एका शब्दात सांगता आलं नसतं.

“त्याला सांगू नकोस,” वन्सं म्हणाल्या. “तुला सांगितलं ते माझं मी सांगितलं. त्यात फरक आहे की नाही?”

फरक होता. साहेबांचा आडोसा बाईला तेव्हा कुठे कळला.

दुसऱ्या दिवशी ती आपली पाळी संपल्यावर ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत गेली. तिथं लोखंडी कपाटं, एक लांब बाक आणि वाळत घातलेले टॉवेल. भोंगा बाकावर बसून बुटांना पॉलिश करत होता. तिला बघून उठला नाही.

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

“खोटं कुठे बोललात?” तो ब्रश चालवत राहिला. “आजारी होतो हे खरं. सकाळपासून होतो. तरी आलो, कारण बदलीला माणूस नव्हता. पण बाई, ते खरं माझं होतं. तुम्ही ते सगळ्यांना वाटून टाकलंत.”

बाईनं मान खाली घातली. “माईकवरून माफी मागू का?”

“नको!” तो दचकून म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याच्या मिश्या हलल्या. “विसरलेल्यांनाही आठवेल.”

“मग मी काय करू?”

त्यानं एक बूट खाली ठेवला, दुसरा उचलला, तोही ठेवला. दाराकडे बघून घेतलं. “तुम्हाला इंग्रजी येतं, म्हणतात.”

“मला नाही हो. आमच्या वन्संना येतं. मी त्यांचं उसनं आणते.”

“मला एक वाक्य पाहिजे.” त्याची मुलगी लांब देशात होती. तिची मुलगी सहा-सात वर्षांची, तिला फक्त इंग्रजी येई. फोनवर आजोबा आणि नात ‘हॅलो, हॅलो’ म्हणत आणि मग दोघंही नुसते एकमेकांकडे बघून हसत बसत. गेल्या खेपेला आईनं नातीला आजोबांचं टोपणनाव सांगून टाकलं होतं, आणि ती विचारत होती, तुम्हाला भोंगा का म्हणतात, तुम्ही एवढा हॉर्न का वाजवता. “प्रश्न समजला मला,” तो म्हणाला. “उत्तरही ठाऊक आहे. पण ते तिच्या भाषेत नाही.”

“रविवारी घरी या,” बाई म्हणाली.

रविवारी तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून, फोन रुमालात गुंडाळून. वन्संनी त्याला टेबलाशी बसवलं. बाईनं चहा ठेवला. नवरा ताजा पाव घेऊन आला आणि कौतुकानं समोरच बसला.

“बोला,” वन्सं म्हणाल्या. “हॉर्न का वाजवता? वळणांमुळे? म्हणजे बिकॉज ऑफ द बेंड्स. सोपं आहे.”

“वळणांमुळे नाही.” भोंग्यानं कपाच्या कानाशी चाळा केला. “म्हणजे, सुरुवात एका वळणानं झाली. त्या वळणाच्या खाली आमचं घर. लग्न नवीन होतं तेव्हा बायको घाबरायची, रस्ता उताराचा आहे म्हणून. मी म्हटलं, वळण पार केलं की हॉर्न देत जाईन, म्हणजे तुला कळेल मी नीट आहे. ती खिडकीत शिवण घेऊन बसते. तेव्हापासून देतो. मग वाटलं, एकाच वळणावर वाजवायचा, बाकीच्या वळणांनी काय पाप केलंय? लागली सवय.”

नवऱ्यानं पावाचा तुकडा तोंडाजवळ नेला होता, तो तसाच राहिला.

वन्सं म्हणाल्या, “मग तुमचं वाक्य वेगळं आहे. बिकॉज ऑफ युवर ग्रँडमदर. तुझ्या आजीमुळे.”

“ड्यू टू चालणार नाही?” बाईनं विचारलं. तो शब्द तिचा लाडका होता.

“चालेल गं. पण ड्यू टू म्हटलं की फलाटावर उभं राहिल्यासारखं वाटतं. नातीशी घरातलंच बोलावं.”

तासभर सराव झाला. हॉर्न वाजवतो म्हणजे तिला कळतं मी सुखरूप आहे, एवढं दुसरं वाक्यही वन्संनी बसवून दिलं. मग भोंग्यानं फोन पावाच्या टोपलीला टेकवून उभा केला आणि बटण दाबलं. पडद्यावर दोन वेण्या आणि एक पडलेला दात दिसला.

“हॅलो,” नात म्हणाली.

“हॅलो,” भोंगा म्हणाला आणि ताठ बसला. “हॉर्न. बिकॉज ऑफ युवर ग्रँडमदर.”

“व्हॉट?”

पुढचं वाक्य त्याच्या डोक्यातून साफ उडालं. त्यानं वन्संकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, कपाळ पुसलं आणि हवेतच स्टिअरिंग धरलं. “बस. बेंड. हॉर्न! ग्रँडमदर विंडो. शी नो, आय ओके.”

वन्संचा हात वर आला होता, तो बाईनं टेबलाखाली धरून ठेवला.

पलीकडे पोरगी विचार करत होती. “एव्हरी डे?” तिनं विचारलं.

“एव्हरी डे.”

“डज शी हॉन्क बॅक?”

“आजीही उलट हॉर्न वाजवते का, म्हणतेय,” वन्सं कुजबुजल्या.

भोंग्याला जे हसू आलं ते सगळ्या अंगाला हलवून गेलं. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीचा हॉर्न ऐकला की बायको शिवण बाजूला ठेवून आधण ठेवायला उठते, ते त्याला ठाऊक होतं. “नो,” तो म्हणाला, कप उचलून पडद्यासमोर धरला आणि म्हणाला, “टी.”

पोरगी खदखदून हसली. मग तिनं आईला हाक मारली, आईला आत ओढून आणलं आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. भोंग्यानं ते पुन्हा सांगितलं, या वेळी हॉर्नचा आवाजही तोंडानं काढला. शेजारच्या बाईनं खिडकीतून डोकावून बघितलं.

बाई पुढेही खरी कारणं सांगत राहिली. धुक्याला, झाडाला, टायरला विचारावं लागत नाही. पण कारण एखाद्या माणसाच्या अंगावर असलं की ती आधी खाली फोन करी, “त्यांना विचारा, सांगू का?” कधी ‘सांगा’ येई, कधी नाही. नाही आलं की ती बटण दाबून तो जुना लांबलचक शब्द म्हणे, आता मात्र त्यातले डबे सुटे सुटे ऐकू येत. त्यापुढे सॉरी असे. आणि भोंग्याची गाडी फाटकाबाहेर पडताना पुन्हा काचा थरथरायला लागल्या होत्या. साहेबांनी एकदा कानांवर हात ठेवले, पण बोलले नाहीत.

भोंगा दर रविवारी येऊ लागला. नातीचे प्रश्न वाढत चालले होते आणि उत्तरं त्याला तयार लागत. मग त्यानं बायकोला आणलं, कारण नातीला आता खिडकीतली आजी बघायची होती. नियंत्रकाला परदेशी प्रवाशांशी बोलताना घाम फुटायचा, तोही एक दिवस चुळबुळत दारात उभा राहिला. वन्संनी अडगळीतून एक लहानसा फळा काढून भिंतीला लावला. रविवारची दुपार त्यांच्या आवाजानं भरून जाई. “डबा नामाचा हवा! वाक्य जोडू नका!” असं त्या नियंत्रकाला दरडावत, आणि तो कान पकडून हसे.

वर्ग संपला की कुणी लगेच उठत नसे. बाई मोठ्या पातेल्यात सूप करी, नवरा पाव कापी आणि सगळे तिथंच जेवायला बसत. खुर्च्या कधीच पुरत नसत. नवऱ्यानं बेकरीतून पावाचे दोन रिकामे क्रेट आणले होते. एकावर तो स्वतः बसे आणि दुसरा, उशी टाकून, ताईला देई. पण वन्संना क्रेटवर बसायचं नसे. त्या उभ्यानंच वाढत फिरत, स्वतःचा वाडगा हातात घेऊन, या टेबलाच्या टोकाशी एक घास आणि त्या टोकाशी एक.